जुनी स्पोर्ट्स कार आणि तिचा राखणदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने योजलेल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बृहन्महाराष्ट्राची परंपरा अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत 'जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार' हे पान मांडण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात दोन आक्षेप आले असतील. पहिला असा की, हा धनिकांचा छंद आहे. आपल्यासारख्या नोकरदार, मध्यमवर्गीय समाजाला त्याचे काय? दुसरा असा की, इंग्रज गेला. आता त्याची मोटार गोंजारत बसण्यात कसला आला पुरुषार्थ? दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर देण्याचा मी यथाशक्ति प्रयत्न करणार आहे. परंतु माझे मुख्य सांगणे एकच आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो. या गाड्या त्यांच्या वेगामुळे टिकल्या नाहीत, केवळ सौंदर्यामुळेही टिकल्या नाहीत. त्या दुरुस्त करता येतात म्हणून टिकल्या. आणि दुरुस्त करणारे हात असतील तोवरच त्या टिकतील.

आधी शब्दांचा हिशेब करू. 'व्हिंटेज' हा शब्द आपण कोणत्याही जुन्या मोटारीला लावतो. इंग्लंडमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ साली स्थापन झाला. त्याच्या काटेकोर व्याख्येनुसार १९३० सालच्या अखेरीपर्यंत बांधलेली गाडीच व्हिंटेज. त्यानंतरच्या दशकातील निवडक गाड्यांना त्याने वेगळे नाव दिले आहे. भारताच्या २०२१ सालच्या नियमांत मात्र पन्नास वर्षे ओलांडलेली मोटार व्हिंटेज ठरते. मी आज शब्द सैलपणानेच वापरणार आहे. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती दोन माणसांना बसण्यापुरती, कापडी टपाची, बुटकी, गुरगुरणारी ब्रिटिश गाडी. आणि तिच्या घराण्यांपैकी विशेषतः एम.जी.

एम.जी. ही अक्षरे कोठून आली? ऑक्सफर्ड येथे सायकलदुरुस्तीपासून व्यवसायाला आरंभ करून विल्यम मॉरिस हे पुढे मोठे मोटार-कारखानदार झाले. त्यांच्या गाड्या विकणारी व दुरुस्त करणारी पेढी म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस'. या पेढीचे व्यवस्थापक म्हणून १९२२ साली सेसिल किंबर हे गृहस्थ आले. मॉरिसच्या साध्या सांगाड्यावर डौलदार शरीर चढवून ती गाडी थोड्या अधिक किमतीला विकण्याची कल्पना त्यांची. पेढीच्या नावाची आद्याक्षरे तेवढी गाडीवर बसली.

या कल्पनेला खरे फळ आले ते १९२८ साली. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातील मोटार-प्रदर्शनात किंबर यांनी 'मिजेट' नावाची चिमुकली गाडी मांडली. तिचे ८४७ घन सेंटिमीटरचे इंजिन मॉरिस मायनर या घरगुती गाडीचे, सांगाडाही तिचाच, वर प्लायवूडवर कापड ताणून केलेले, मागे होडीसारखे निमुळते होत जाणारे शरीर. किंमत १७५ पौंड. बेंटलेसारखी गाडी जेथे सरदार-जमीनदारांच्याच आवाक्यात होती, तेथे एखादा तरुण डॉक्टर किंवा कचेरीतला अधिकारी ही मिजेट घेऊ शकत होता. तीन हजारांहून अधिक मिजेट विकल्या गेल्या. १९२९ साली एम.जी.चा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी हलला. ती जागाही चामड्याच्या एका कारखान्याची, त्याच्या वापरात नसलेल्या इमारतीत.

श्रोतेहो, हा जन्मवृत्तान्त मी मुद्दाम सांगितला. स्पोर्ट्स कार म्हणजे केवळ ऐश्वर्याचे प्रदर्शन असा आपला समज असतो. परंतु ही शाखा घरगुती गाडीच्या सुट्या भागांतून उगवली. त्यामुळे गावोगावचा कोणताही मिस्त्री तिला हात लावू शकत होता, आणि मालकाला मिस्त्री परवडत नसेल तर तो स्वतः बाह्या सरसावून खाली घुसत होता. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत झडपांचे अंतर कसे तपासावे, वंगण कोठे व किती मैलांनी घालावे, हे मालकालाच उद्देशून लिहिलेले असे. पुढच्या टी.सी. नावाच्या गाडीत तर बॉनेटखालीच हत्यारांची पेटी बसवलेली होती. गाडी विकणाऱ्याने जणू करारच केला होता की, मी तुला यंत्र देतो आणि ते समजून घेण्याचा अधिकारही देतो. मालकी या शब्दाचा हा अर्थ आज आपण जवळजवळ विसरलो आहोत.

टी.सी. १९४५ साली आली. तिचे जनक म्हणावेत ते किंबर मात्र ती पाहायला नव्हते. युद्धकाळात, १९४१ साली, त्यांना एम.जी. सोडावी लागली होती. आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला. एक हृद्य आठवण या गाडीच्या अंगावर कोरलेली आहे. टी.सी.च्या सांगाड्यांचे क्रमांक एकपासून नव्हे, तर ०२५१ पासून सुरू होतात. कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता.

युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनला परदेशी चलन हवे होते. जो कारखाना निर्यात करील त्यालाच पोलाद, असा तो काळ. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार टी.सी. बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेत गेल्या; सुकाणूचक्र उजवीकडेच ठेवून, म्हणजे तेथील रस्त्यांच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला! इंजिन १२५० घन सेंटिमीटरचे, ताकद ५४ अश्वशक्ती. अमेरिकेतील अवाढव्य गाड्यांपुढे ही म्हणजे हत्तींच्या कळपात शिरलेले तट्टू. पण वळणावर तट्टू वळे आणि हत्ती वळत नसे. फिल हिल हे १९६१ सालचे जगज्जेते शर्यतपटू. त्यांनी आणि कॅरोल शेल्बी यांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी टी.सी.च पळवली. पुढे एम.जी.ए. आली १९५५ मध्ये, एम.जी.बी. आली १९६२ मध्ये; नंतरची तर पाच लाखांहून अधिक संख्येने बांधली गेली. याच काळात जग्वार, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, लोटस, मॉर्गन ही नावे जगभर गेली. आणि १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

इतिहास येथे थांबवतो, कारण छंदाचा आरंभ इतिहास संपतो तेथे होतो. कारखाना बंद झाला की प्रत्येक गाडी पोरकी होते, आणि मालक हाच तिचा कारखाना बनतो. आता आपण गॅरेजात जाऊ.

पहिला धडा पान्यांचा. इंग्लंडचे थोर अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली नट-बोल्टांच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा. व्हिटवर्थ यांनी आट्याचा कोन ५५ अंश ठरवला आणि साऱ्या साम्राज्याला एक भाषा दिली. पण ही भाषा मोठी मिस्कील आहे. व्हिटवर्थ पान्यावर जे माप लिहिलेले असते ते पान्याच्या जबड्याचे नसून बोल्टच्या दांड्याच्या जाडीचे असते. पाव इंच लिहिलेला पाना हाती घ्यावा तर त्याचा जबडा अर्ध्या इंचाहून किंचित मोठा निघतो! अमेरिकन किंवा मेट्रिक पाने घेऊन बसलेला नवशिका तेथेच बोल्टचे डोके गोल करून ठेवतो.

टी.सी.मध्ये याहून मोठी गंमत आहे. तिच्या इंजिनाचे नट-बोल्ट वरून व्हिटवर्थ पान्याने फिरतात, पण त्यांचे आटे मेट्रिक आहेत. इंग्रजी गाडीत फ्रेंच आटे कसे? पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी कॉव्हेंट्री येथे कारखाना काढून बसली होती. तिची यंत्रसामग्री मेट्रिक. मॉरिस यांनी १९२३ साली तो कारखाना विकत घेतला. यंत्रे बदलणे खर्चाचे, म्हणून आटे फ्रेंचच राहिले आणि इंग्रज मिस्त्र्यांच्या हातातले पाने चालावेत म्हणून डोकी व्हिटवर्थ केली. हा मिश्रविवाह १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. शरीर एका कुळाचे, डोके दुसऱ्या कुळाचे. असा बोल्ट हरवला तर बाजारात तयार मिळत नाही, लेथवर करून घ्यावा लागतो. एक बोल्ट खोलताना युरोपचा इतिहास हाताला लागतो, तो असा.

दुसरा धडा कार्बुरेटरचा. या गाड्यांपैकी बहुतेकींवर एस.यू. बनावटीचा कार्बुरेटर असतो. एस.यू. म्हणजे स्किनर युनियन. स्किनर हे पादत्राणांच्या व्यापारातले घराणे आणि आरंभीच्या रचनेत चामड्याचा भाताच वापरला होता. पुढे त्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. तत्त्व इतके साधे की शाळकरी मुलाला समजावे. इंजिनाने अधिक हवा ओढली की निर्वातामुळे दट्ट्या वर उचलला जातो. त्याला एक निमुळती सुई जोडलेली असते. ती पेट्रोलच्या तोटीतून वर सरकते, तोटीची वाट रुंदावते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल येते. दट्ट्याच्या डोक्यावर थोडेसे पातळ तेल असते. त्यामुळे तो एकदम उसळत नाही. हे तेल संपले की गाडी वेग घेताना अडखळते. कित्येक मालक अशा वेळी सारे इंजिन खोलायला निघतात. औषध असते ते चमचाभर तेलाचे.

या यंत्राची जुळणी कानाने करतात. दट्ट्या साधारण एक बत्तिसांश इंच हलकेच उचलायचा आणि ऐकायचे. इंजिनाची गती वाढली आणि वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन मंदावून बंद पडू लागले तर पेट्रोल कमी आहे. गती क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्वपदावर आली तर जुळले. कार्बुरेटर दोन असतील तर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी धरून हवेचा फूत्कार सारखा होईपर्यंत जुळवायचे. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा लावताना गवयाची जी मुद्रा होते, तीच या वेळी मिस्त्र्याची होते. आणि ती साधना पुस्तकाने येत नाही, सहवासाने येते, हेही दोघांना समान आहे.

तिसरा धडा विजेचा. त्या दशकांतील अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या शरीराला जोडलेले असते. आज आपण ऋण टोक जोडतो. हे ध्यानात न घेता बॅटरी उलटी बसवली तर अनर्थ होतो. दिवे मध्येच मालवण्याच्या या गाड्यांच्या सवयीवरून लुकस या नामांकित उत्पादकाला जगभरच्या शौकिनांनी 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी बहाल केली आहे. विनोद म्हणून ती ठीक. पण वस्तुस्थिती अशी की, साठ-सत्तर वर्षांच्या गाडीत दोष बहुधा उपकरणात नसतो, सांध्यात असतो. तारेचे टोक आणि गाडीचे शरीर यांमध्ये गंज बसतो, वीज परतीची वाट शोधू लागते आणि दिवा मिणमिणतो. पॉलिश पेपरने चार सांधे घासले की अर्धे रोग पळतात. संसारातही पुष्कळदा दोष माणसांत नसून सांध्यांत असतो, असो.

आणि चौथा धडा तेलाच्या थेंबाचा. गाडी उभी केली की तिच्याखाली तेलाचा ठिपका पडतोच. यात बेपर्वाई नाही, रचना आहे. टी.सी.च्या इंजिनात मागच्या बाजूला रबरी सील नाही. फिरत्या दांड्यावर उलट्या दिशेचा आटा कोरलेला असतो आणि फिरताना तो बाहेर निघू पाहणारे तेल परत आत लोटतो. दांडा थांबला की लोटणे थांबते आणि थेंब पडतो. हे कारण कळले की मालकाचा संताप मावळतो. कोणती गळती रोग आहे आणि कोणती स्वभाव आहे, हा विवेक या छंदातले अर्धे शहाणपण होय.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे इंग्रजाच्या गाडीकडे वळतो. स्वातंत्र्यानंतर आपण आयातीवर कठोर निर्बंध घातले. १९५३ मध्ये सरकारने ठरवले की, येथे उत्पादनाची योजना असेल त्याच मोटार कंपन्यांनी राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील जुळणीचे कारखाने आवरले. परदेशी गाडीचा सुटा भाग आणणे म्हणजे परवाना, जकात आणि प्रतीक्षा. इंग्लंडमधला शौकीन टपालाने भाग मागवीत होता, तेव्हा आपला मिस्त्री तो भाग कानशीने घासून घडवीत होता. पितळेची बुशिंग लेथवर ओतीव तुकड्यातून काढणे, डायनॅमो पुन्हा गुंडाळणे, फुटलेल्या ब्लॉकला पट्टी मारणे, या विद्या येथे टंचाईच्या पोटी वाढल्या.

आणि आपल्या या कोलकात्याला तर एक विशेष भाग्य लाभले होते. नदीपलीकडे उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना. तेथे मॉरिस ऑक्सफर्डची आवृत्ती असलेली ॲम्बॅसडर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बांधली गेली. ॲम्बॅसडरचे पुढचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि एम.जी.ए.चे पहिले इंजिन ही एकाच घराण्यातली सख्खी भावंडे. सारेच भाग जुळतात असे नव्हे. पण पुष्कळ जुळतात. ज्या गाडीने आपण हावडा स्थानकावर जात होतो, तिच्या बॉनेटखाली एका स्पोर्ट्स कारचा भाऊ राबत होता, ही गोष्ट टॅक्सीत बसताना आपल्या ध्यानी आली नाही, इतकेच. मद्रासेतही तोच प्रकार. तेथे १९६१ पासून बांधल्या गेलेल्या स्टँडर्ड हेरल्डचा सांगाडा आखूड करूनच इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ सालची स्पोर्ट्स कार तयार झाली होती. मल्लिक बाजारातल्या जुन्या भागांच्या ढिगाऱ्यातून जे हात नेमका तुकडा उचलतात, त्यांना ही वंशावळ तोंडपाठ आहे.

टी.सी.च्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. ते लाकूड ॲश जातीचे. कुदळीच्या दांड्याला वापरतात तसे, चिवट आणि धक्का सोसणारे. आपल्या दमट हवेत आणि वाळवीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. तेव्हा येथील सुतार सागवान घेतो. सागवान ॲशइतके लवचिक नाही, पण त्याच्या अंगचे तेल वाळवीला दूर ठेवते. मी आपल्याला विचारतो, ज्या गाडीची हाडे सागवानाची, नसा इथल्या तांब्याच्या आणि काळजी वाहणारे हात बंगाली-बिहारी मिस्त्र्यांचे, ती गाडी किती टक्के इंग्रज राहिली? वस्तू ज्याने बनवली त्याची असतेच. पण ज्याने ती जगवली त्याचीही असते.

येथे आपण एका जुन्या तात्त्विक प्रश्नाशी येऊन ठेपतो. इतके भाग बदलल्यावर गाडी तीच उरते काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन हे भिक्षू यवन राजा मिलिंदाला विचारतात की, महाराज, आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. या सर्व अवयवांच्या आधाराने आपण 'रथ' हे नाव वापरतो, एवढेच अखेर उरते.

नेमका हाच वाद १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात गेला आणि तेथे रथाच्या जागी बेंटले मोटार होती. 'ओल्ड नंबर वन' नावाची ही बेंटले १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात मोठे इंजिन बसवले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडले. नंतर तिची पुन्हा बांधणी झाली. एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घेण्याचा करार केला आणि मग, हिच्यात मूळचे फारसे काही उरलेच नाही, ही ती गाडी नव्हेच, असे म्हणून हात आखडता घेतला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या निर्णयाचा मथितार्थ असा की, भाग बदलले असले तरी गाडीचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही. ती दुसरी कोणती गाडी बनली नाही. म्हणून 'ओल्ड नंबर वन' हे नाव तिचेच. ओळख धातूत नाही, सातत्यात आहे.

याच्या उलट उदाहरणही घ्या. १९८८ पासून इंग्लंडात जुन्याच साच्यांवर एम.जी.बी.ची नवी कोरी पोलादी शरीरे पुन्हा मिळू लागली. गंजून गेलेल्या गाडीचे इंजिन, आस, चाके त्यात बसवली की गाडी पुन्हा धावते, आणि मी तिला जुनीच म्हणेन. कारण कोणीतरी ती एका शरीरातून दुसऱ्यात हाताने वाहून नेली आहे. परंतु एम.जी. हे नाव हस्तांतरित होत होत चिनी उद्योगसमूहाकडे गेले आणि २०१९ पासून गुजरातेतील हालोल येथे त्याच नावाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्या गाड्या उत्तम असतील; त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण तेथे केवळ अक्षरे पुढे आली, ॲबिंग्डनचे हात आले नाहीत. नुसते नाव पुढे नेणे म्हणजे परंपरा नव्हे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही, तो आता कायद्याचाही झाला आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले; क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे आली. त्यांच्या रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणण्यास मुभा. जुन्या गाड्या सरसकट भंगारात जाऊ नयेत या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण त्यात एक अट आहे की, गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा-शरीर-इंजिनात मोठा फेरबदल नसावा. लंडनमध्ये राखलेल्या गाडीला ही अट सोपी. ज्या देशात चाळीस वर्षे मूळ भाग आणणेच अशक्यप्राय होते, तेथील गाडीला मात्र ती जड जाते. सागवानाचा सांगाडा हा फेरबदल की जीवदान? ॲम्बॅसडरचा भाग घेऊन जगलेली एम.जी. अपराधी की चिरंजीव? हे अट लावणाऱ्यांना समजावून सांगायचे तर आपल्यापाशी नोंदी हव्यात, आणि नोंदी ठेवण्यात आपण कच्चे आहोत.

पेट्रोलही बदलले. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले. शिशाने हवेत विष कालवले होते, तेव्हा ते गेले हे उत्तम झाले. पण जुन्या इंजिनांच्या निकास-झडपांच्या बैठकींना त्याचा लेप संरक्षण देत असे. उपाय आहे: कठीण धातूची कडी बसवून घेणे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ते पाणी शोषते आणि जुने रबर व बूच खराब करते. उपाय आहे: नळ्या व सील नव्या द्रव्याचे घालणे, टाकी भरून महिनोन्महिने गाडी उभी न ठेवणे. यंत्राच्या प्रश्नांना यंत्राची उत्तरे मिळतात. माझी खरी काळजी वेगळी आहे.

जे कान एस.यू.चा फूत्कार ओळखतात, जे हात बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओततात, जे बोटांच्या स्पर्शाने व्हिटवर्थ आणि मेट्रिक आटा वेगळा काढतात, ते म्हातारे झाले आहेत. त्यांची मुले संगणक जोडून गाडीचा दोष वाचतात. तीही विद्या आहे आणि पोट त्याच विद्येवर भरते. म्हणून बापाची विद्या मुलाकडे जात नाही. 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने जुन्या गाड्यांची फेरी दिल्लीत १९६४ साली आणि कोलकात्यात १९६८ साली सुरू केली. अशा फेऱ्यांत आपण चकाकणाऱ्या मडगार्डांना टाळ्या देतो, मालकाला चषक देतो. ज्याने रात्र जागून ती गाडी सकाळी उभी केली, तो मिस्त्री दोरीपलीकडे गर्दीत उभा असतो आणि त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नसते. श्रीमंतांचा छंद हा आक्षेप खरा ठरतो तो येथे. गाडीच्या किमतीने नव्हे, या विस्मरणाने.

तेव्हा ज्यांच्यापाशी अशी गाडी आहे, त्यांना माझ्या तीन नम्र सूचना. पहिली, एक वही ठेवा. कोणता भाग केव्हा काढला, जागी काय घातले, का घातले आणि कोणी घातले, हे तारखेसह लिहा. मिस्त्र्याचे नाव पूर्ण लिहा. दुसरी, काढलेला मूळ भाग मोडीत घालू नका. चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. पुढे कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर ती वाट उघडी राहील. गाडीचा रंग जागोजागी उडाला म्हणून तिला नववधूसारखी सजवण्याचीही घाई करू नका. म्हातारपणाला त्याची शोभा असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, रविवारी गॅरेजचे दार उघडे ठेवा आणि आळीतल्या पोरांना आत येऊ द्या. मुलगे-मुली दोघांच्याही हाती पाना द्या. एखादा बोल्ट गोल होईल, होऊ द्या. ज्यांच्यापाशी गाडी नाही त्यांनीही हिरमुसण्याचे कारण नाही. आजोबांचे शिवणयंत्र, जुना रेडिओ, माळ्यावरची सायकल, यांतले काहीही हेच शिक्षण देऊ शकते. वस्तू बिघडली की फेकायची नसते, उघडायची असते, एवढी सवय एका पिढीला लागली तरी पुष्कळ झाले.

समारोप करतो. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. स्थापनेच्या वेळचे सभासद आज किती आहेत? कार्यकारिणी कितीदा बदलली, जागा बदलली, गणपतीचा मांडव बदलला, नाटकांची आणि प्रेक्षकांची रुची बदलली. नागसेनांच्या रीतीने प्रत्येक अवयवाकडे बोट दाखवून 'हे मंडळ काय?' असे विचारले तर उत्तर नकारार्थीच येईल. तरीही मंडळ तेच आहे, कारण एकाने हातातले काम खाली ठेवण्यापूर्वी दुसऱ्याने ते उचलले. जुनी गाडी असो वा जुनी संस्था, तिचा मालक कोणीच नसतो. काही वर्षांपुरता प्रत्येकजण राखणदार असतो. आपली पाळी संपताना यंत्र चालू स्थितीत, वही भरलेली आणि पाना पुढच्याच्या हाती दिलेला असावा, इतकेच आपल्या हातात आहे आणि ते पुरेसे आहे.